फ्लीस सराईचा शाही इतिहास

१ सप्टेंबर १९७६, बुधवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. मार्लफर्डमध्ये वाचणारं आहे तरी कोण?

संकल्प एकच. चौकातल्या फ्लीस सराईचा संपूर्ण इतिहास लिहायचा आणि ख्रिसमसच्या आत छापायला द्यायचा. रोज पहाटे सहाला उठून पाच पानं. नाव ठरलं आहे: ‘फ्लीस: एका सराईचा शाही इतिहास’. शाही अशासाठी, की तिथे एक राजा मुक्कामाला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कोणता राजा, ते नंतर पाहू.

पुरावा हवा कशाला? समोर उभं राहून बघावं. भिंतीत काळेभोर वासे, मध्ये पांढरा गिलावा, दारं इतकी ठेंगणी की माझं कपाळ रोज आपटतं. चारशे वर्षं जुनी इमारत आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. गावातल्या मोठ्या माणसांना कळत नाही, हा भाग वेगळा.

मी निवृत्त होईपर्यंत वजनमापं निरीक्षक होतो. या जिल्ह्यात असा एक पब नाही जिथला बिअरचा पाइंट मी मोजलेला नाही. पबचा इतिहास लिहायला याहून लायक माणूस दाखवा मला.

बायको डोरथी अजून बॉर्नमथला बहिणीकडेच आहे. तिच्या छातीला तिथली हवा मानवते. या खेपेला जाऊन सात वर्षं झाली.

२ सप्टेंबर

साडेनऊला उठलो. पानं: शून्य. पण विचार चालू आहे, आणि विचार हेच खरं काम. टंकलेखन काय, कुणीही करतं.

संध्याकाळी संशोधनासाठी फ्लीसमध्ये. मी तिथे रोज जातो ते संशोधनासाठीच. पब चालवते ती मॉरीन डॉकेट. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते, वरच राहते. कष्टाळू बाई, पण इतिहासाची जाण म्हणाल तर नावालाही नाही. तिला विचारलं, राजा वरच्या कोणत्या खोलीत झोपला असेल असं वाटतं? म्हणाली, मिस्टर ट्विगर, उतारूंना खोल्या देणं माझ्या सासऱ्यांनीच बंद केलं, आता राजा आला तर त्याला आधी ग्लास विसळायला लावीन, मग बघू झोपायचं.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने क्लिफ गॉडबोल्ड. हा क्लिफ छपरं दुरुस्त करतो, बोलतो तेव्हाही तोंडात खिळे असल्यासारखा बोलतो, आणि मला ‘प्रोफेसर’ म्हणतो. निदान त्याला माणसाची पारख आहे.

बिअरवर फेस फार होता. मॉरीनला दाखवला. तिने चमच्याने काढून माझ्यासमोर बशीत ठेवला.

१० सप्टेंबर

भयंकर बातमी. फ्लीस विकणार. मालकी बिअर बनवणाऱ्या हॅग अँड पोलार्ड ब्रुअरीची, मॉरीन नुसती चालवणारी. ब्रुअरीने शेजारच्या सुपरमार्केटशी बोलणी केली आहेत. इमारत पाडायची आणि मोटारी उभ्या करायला जागा करायची. मोटारी!

मॉरीन एकच ग्लास पुसत उभी होती. म्हणाली, मला मुलाकडे जावं लागेल, स्विंडनला. त्याची तीन पोरं, दोन खोल्या, माझा पलंग त्यांच्या बैठकीत टीव्हीसमोर लावणार म्हणतो. मुलगा चांगला आहे हो, पण टीव्ही रात्री बंद होईपर्यंत मी कुठे बसू?

मग मी उपाय सांगितला. लंडनला जुन्या इमारतींचं खातं आहे. त्यांनी एखादी इमारत संरक्षित यादीत घातली की तिची वीटसुद्धा कुणाला हलवता येत नाही. ना ब्रुअरीला, ना त्या डबाबंद माल विकणाऱ्या दुकानदाराला. फक्त इमारत खरोखर जुनी आहे हे कुणीतरी जाणकाराने पटवून द्यायला हवं. इथे मी थोडा थांबलो.

क्लिफने आणखी एक पाइंट मागवला. शेवटी मॉरीन म्हणाली, तुम्हाला जमेल का हो मिस्टर ट्विगर? मी म्हणालो, मॅडम, माझ्यावर सोडा. तिचे डोळे भरून आले. चिप्सचं पाकीट दिलं, मीठ-व्हिनेगरचं. मला साधं आवडतं, पण त्या क्षणी बोललो नाही.

पानं: एक. (शीर्षकाचं.)

१५ सप्टेंबर

मार्लफर्ड इतिहास मंडळाची मासिक सभा, चर्चच्या हॉलमध्ये. हजर नऊ. त्यांत जागे पाच.

अध्यक्ष मिस वेनेबल्स. शाळेत लॅटिन शिकवायची. आता सायकलवरून गावभर हिंडते आणि लोकांच्या माळ्यांवर चढून टॉर्च मारते. पायांत पुरुषी बूट. मी फ्लीसचा विषय मांडला. राजापर्यंत पोचलो नव्हतो तोच मध्ये तोंड घातलं. म्हणाली, मिस्टर ट्विगर, पुढच्या बाजूचं फारसं काही सांगता यायचं नाही. पण मागची ती शेड बघितलीत का आतून? वरचे वासे बघा. काजळीने काळे झालेत. मला त्या शेडबद्दल फार उत्सुकता आहे.

शेड! चारशे वर्षांचा दर्शनी भाग सोडून हिला उत्सुकता कशाची, तर मागच्या शेडची. ती शेड म्हणजे गावाची लाज आहे. वर गंजका पत्रा, भिंतींना गुलाबी रंग, अर्ध्या भागात मॉरीनची रिकामी पिंपं आणि उरलेल्या अर्ध्यात पुरुषांची मुतारी. मी म्हणालो, मिस वेनेबल्स, आपण पुरुषांच्या मुतारीत टॉर्च घेऊन कधी गेला होतात, हे सभेला ऐकायला आवडेल. चांगला टोला होता. जागे असलेले पाचही हसले.

ती लाल झाली नाही. म्हणाली, मंगळवारी सकाळी, मॉरीनला विचारून. अशा बायकांपुढे विनोद वाया जातो.

२८ सप्टेंबर

अहवाल सुरू केला. पहाटे सहाला उठण्याचा संकल्प तूर्त स्थगित, कारण पहाटे हात गार पडतात आणि अक्षर बिघडतं.

क्लिफने विचारलं, प्रोफेसर, राजा मिळाला का? म्हणालो, दोघांवर येऊन ठेपलो आहे. म्हणाला, दोघंही घ्या की, एक आत झोपला आणि एक शेडमध्ये. या माणसाच्या घरी पुस्तक असेल तर ते टेलिफोनचं.

६ ऑक्टोबर

अहवाल पूर्ण. चौदा पानं. सोबत दर्शनी भागाचे फोटो. एका फोटोत माझं कपाळ दारापाशी धरून उंची दाखवली आहे. राजाचं नाव शेवटी घातलं नाही. ‘तत्कालीन सम्राट’ असं लिहिलं. यात चूक निघूच शकत नाही, कारण कोणत्याही काळी कुणीतरी सम्राट असतोच.

पोस्टात टाकताना मिस वेनेबल्स पुढे उभी. तीही लंडनला काहीतरी पाठवत होती. पाकीट कसलं, साधं पोस्टकार्ड. चौदा पानांपुढे एक पोस्टकार्ड. मला तिची कीव आली. तसं तोंडावर दिसू दिलं नाही, पण पोस्टमास्तरच्या लक्षात आलं असावं.

१६ ऑक्टोबर

विजय. लंडनहून मॉरीनला पत्र. खात्याचे तज्ज्ञ डॉ. लॅथम ९ नोव्हेंबरला स्वतः येणार. दहा दिवसांत माणूस पाठवतात म्हणजे अहवालाने किती खळबळ उडवली असेल, विचार करा.

फ्लीसमध्ये मला पाहताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॉरीन काउंटरवरून वाकून म्हणाली, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं. मी नम्रपणे मान्य केलं.

त्या टाळ्यांचं मला काही विशेष नाही. पण घरी येऊन बराच वेळ झोप लागली नाही.

१९ ऑक्टोबर

एक गंभीर अडचण ध्यानात आली. इतरांच्या येणं शक्यच नव्हतं.

डॉ. लॅथम लंडनहून मोटारीने येणार. मोटार लावणार मागच्या अंगणात. म्हणजे फ्लीसचं पहिलं दर्शन काय? तर ती गुलाबी शेड. गंजका पत्रा. मुतारीचा वास. सुसंस्कृत माणूस तिथल्या तिथे मोटार वळवून परत जाईल. बरं, शेडमुळे मागची भिंतही झाकली जाते, जिच्यावर माझ्या अंदाजाने आणखी वासे असणार.

शेड गेली पाहिजे.

२० ऑक्टोबर

मॉरीनला सांगितलं. कुरकुरली. पिंपं कुठे ठेवू? पुरुषांनी जायचं कुठे? म्हणालो, पंधरवडा बायकांचं वापरतील, पाळीपाळीने. म्हणाली, तुम्ही डॉट पार्करला ओळखत नाही, ती दारात बसेल छत्री घेऊन. पण मी ठाम राहिलो. शेवटी म्हणाली, तुम्हाला या गोष्टींतलं कळतं, मला काय कळतं. हे वाक्य या गावातून निघायला इतकी वर्षं लागली.

ब्रुअरीला फोन केला. तिथला मॅनेजर म्हणाला, काय पाडायचं ते पाडा, तेवढंच आमचं काम कमी.

येत्या रविवारी श्रमदान. मी सूचना लिहून बारमध्ये लावली: सर्वांनी पहार, फावडं आणि हातमोजे घेऊन यावं, चहा आणि सॉसेज रोल मिळतील. सॉसेज रोल या दोन शब्दांमुळेच लोक येतील हे मला ठाऊक आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार

श्रमदान पार पडलं. माझ्या नियोजनाचं यश. मी स्वतः हात लावला नाही, कारण कुणीतरी देखरेख करायला हवी होती आणि माझी कंबर.

सकाळी चर्च सुटल्यावर वीसेक माणसं आली. थर्मास, टोप्या, एकाने कुत्रं आणलं. पत्रा निघतो न निघतो तोच फाटकात सायकल. मिस वेनेबल्स. धावत आली. धाप लागली होती. म्हणाली, मिस्टर ट्विगर, नऊ तारखेपर्यंत थांबा. दोनच आठवडे. त्या माणसाला हे बघू द्या. मग पाहिजे तर मी स्वतः पहार घेते.

मग उघड्या छपराकडे बोट करून सगळ्यांना म्हणाली, बघा ना ते वासे, किती काळे आहेत.

आता पत्रा निघाल्यावर मीही पाहिलं. मधोमध एक जाड खांब, त्याला चार तिरके हात फुटलेले, वर वाकडेतिकडे वासे, सगळं डांबरासारखं काळं. मी म्हणालो, बाईसाहेब, काजळी म्हणजे घाण. चिमणी साफ केली नाही की साचते. ती म्हणाली, इथे चिमणी आहे कुठे? मी म्हणालो, तेच तर म्हणतोय मी, चिमणीसुद्धा नाही, असलं हलकं बांधकाम. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

आपल्याकडे न्यायाने चालतात. मी मत घ्यायला सांगितलं. हात वर करा. शेड पाडायच्या बाजूने सगळे. विरुद्ध एक. मॉरीनने हात वर करण्याआधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मग तिने केला.

मिस वेनेबल्सने जाताना मॉरीनचा हात हातात घेतला. माझ्याकडे न बघता सायकलवर बसली. पराभव पचवता येणं हेही शिक्षणातच येतं, पण लॅटिनमध्ये नसावं.

पुढे क्लिफचीच रड. म्हणे, करवत चालत नाही प्रोफेसर, लोखंड झालंय लाकडाचं, आणि खिळा एक नाही, सगळं लाकडी खुंट्यांनी ठोकलंय. म्हणालो, खिळे परवडत नसतील बिचाऱ्यांना. अंधार पडेपर्यंत सगळं भुईसपाट. लाकडाचा मोठा ढीग झाला. त्याचं काय करायचं, ते मला तिथल्या तिथे सुचलं. पाच नोव्हेंबर तोंडावर आहे, त्या रात्री इथे गावोगाव होळी पेटते.

२७ ऑक्टोबर

शेडमागची भिंत उघडी झाली. विटांची आहे. वासे नाहीत. असो. वासे आत असतील.

डॉट पार्कर खरंच छत्री घेऊन बसली.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

अविस्मरणीय दिवस.

मार्लफर्डच्या होळीला दर वर्षी लाकडाची वानवा. गेल्या वर्षी कुणाची तरी कपाटं आणि एक पियानो जाळला होता, त्याचा नुसता धूर. या वर्षी फ्लीसची देणगी. क्लिफने ट्रेलरच्या चार खेपा करून सगळं क्रिकेटच्या मैदानावर टाकलं. मधला खांब उभा पुरला, त्याच्या चार हातांवर वासे रचले आणि टोकाला पोरांनी केलेला चिंध्यांचा बाहुला बसवला. होळीच्या समितीने मला येऊन विनंती केली की पेटवण्याचा मान आपण घ्यावा. मी आढेवेढे घेतले. दुसऱ्यांदा विचारण्याआधीच हो म्हटलं, कारण समितीचा भरवसा नाही.

मी मशाल लावली आणि काय सांगू. असा जाळ या गावाने पाहिला नाही. धूर नाही, तडतड नाही, नुसती सरळ उंच ज्वाळा. लोक विचारत होते, इतकं वाळलेलं लाकूड कुठून आणलंत? बटाटे निखाऱ्यांत टाकले ते लोण्यासारखे शिजले. मॉरीनने मला सॉसेज आणून दिलं आणि माझ्या शेजारीच उभी राहिली. अंगाला ऊब लागत होती. म्हणाली, पुढच्या वर्षी पण असंच करू या हं. पुढच्या वर्षी! म्हणजे तिला खात्रीच आहे.

मिस वेनेबल्स आली नव्हती. कशाला येईल?

सांगायला हरकत नाही, मी फार आनंदात होतो.

९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉ. लॅथम येऊन गेले. घाईत लिहितो आहे.

पोरगेलासा माणूस. दाढी. नोव्हेंबरात सँडल. डॉक्टर कशाचा, देव जाणे. दर्शनी भागापाशी मी भाषण सुरू केलं तर खिशातून चाकू काढून एका वाशाच्या कडेला घातला. वासा सुटून आला. म्हणजे वासा नव्हताच. फळी. मागे वीट. म्हणाला, यंत्रावर कापलेल्या फळ्या आहेत, डांबर फासून भिंतीला ठोकलेल्या, १९३०च्या आसपास. ब्रुअऱ्यांनी तेव्हा जागोजागी असं केलं, गिऱ्हाइकांना जुनं आवडतं ना. दारं? दारंही तेव्हाचीच. मुद्दाम ठेंगणी केलेली.

मी म्हणालो, माझा अहवाल वाचलात ना? म्हणाला, फोटो पाहिले. कपाळाचा छान आला आहे.

मॉरीन आत चहा करत होती. हा मागच्या अंगणात गेला आणि मोकळ्या जागेकडे पाहत उभा राहिला. मग विचारलं, इथली इमारत कुठे आहे? मी म्हणालो, कोणती? म्हणाला, मिस वेनेबल्सनी पोस्टकार्डावर चित्र काढून पाठवलं होतं. चार हातांचा खांब, काजळी धरलेलं छप्पर, चिमणी नाही. मी तेच बघायला आलो. चिमण्या येण्याआधी लोक घराच्या मधोमध जमिनीवर चूल पेटवत, धूर छपरातून जायचा. काजळी त्याची. म्हणजे निदान साडेपाचशे वर्षं. अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं छप्पर नाही. खरी सराई तीच होती, समोरचं सगळं नंतरचं.

मी म्हणालो, पाडली.

म्हणाला, लाकूड कुठे आहे? लाकूड पुरे. नुसत्या लाकडावरूनही काही करता येईल.

मी म्हणालो, जाळलं. शुक्रवारी.

तो तिथल्या बुटक्या भिंतीवर बसला. मग विचारलं, सगळं?

मॉरीन चहा घेऊन आली. किती आनंदात होती. त्याने तिला काही सांगितलं नाही. चहा प्याला, केक खाल्ला, कळवतो म्हणाला. मोटारीत बसताना माझ्याशी हात मिळवला नाही. वळण नाही या पिढीला.

१० नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. तो माणूस अनुभवाने कच्चा आहे. सँडल घालणाऱ्याला सराईतलं काय कळणार? साडेपाचशे वर्षं! म्हणे मुतारी साडेपाचशे वर्षांची! आणि इतकी महत्त्वाची होती तर तसा बोर्ड लावायचा. बरं, पाडायला मत सगळ्यांनी दिलं. मी तर हातही वर केला नव्हता, मी मोजत होतो.

शिवाय निकाल अजून यायचा आहे. माझा अहवाल वरिष्ठांच्या हाती गेला तर चित्र पालटेल.

जेवलो नाही. कंबर.

३० नोव्हेंबर

निकाल. यादीत घालण्याजोगं फ्लीसमध्ये काही शिल्लक नाही. पत्र मॉरीनने बारमध्ये वाचून दाखवलं. ‘शिल्लक’ या शब्दावर ती थांबलीसुद्धा नाही. मी ग्लास खाली ठेवला.

मला वाटलं होतं लोक मला बोलतील. कुणीही बोललं नाही. क्लिफ म्हणाला, लंडनवाले, त्यांना आपली काय पडलीय? सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो. मॉरीनने माझ्या दंडावर थोपटलं. म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मिस्टर ट्विगर, तुम्ही केलं तेवढं माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं.

मिस वेनेबल्स कोपऱ्यात बसून शेरी पीत होती. तिला लॅथमने कळवलं असणारच. ती आता उठणार आणि सगळं सांगणार, म्हणून मी कोट हातात घेऊन ठेवला. ती उठली नाही.

११ डिसेंबर

पुस्तकाचं काम पुढे ढकललं. फ्लीसला आठवडाभर गेलो नाही. सर्दी.

घरी बसून पाहिलं. संध्याकाळी सहा ते साडेदहा हा वेळ फार लांब असतो. आजपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

१८ डिसेंबर, शनिवार

फ्लीसचा शेवटचा दिवस. जायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. क्लिफ गाडी घेऊन दारात. म्हणाला, चला प्रोफेसर, तुमच्याशिवाय मॉरीन पब बंद करायची शेवटची घंटा वाजवणार नाही म्हणते.

सगळं गाव आत. भिंतीवरच्या पितळी वस्तू उतरवलेल्या, त्यांच्या जागी फिकट डाग. मॉरीन नव्या ब्लाउजमध्ये. मी आत येताच सगळ्यांनी वळून पाहिलं. मनात म्हटलं, कळलं यांना. मग मॉरीन काउंटरच्या पुढे आली, हातात पुडकं. तिला भाषण येत नाही. म्हणाली, माझ्यासाठी आजवर कुणी लंडनला चौदा पानं लिहिली नव्हती. आपण हरलो ते हरलो. पण मिस्टर ट्विगर लढले. हे आमच्या सगळ्यांकडून.

उघडलं. लाकडाची ढाल. क्लिफ म्हणाला, होळीच्या दिवशी एक तुकडा मागे ठेवला होता, त्या मधल्या खांबाचा, इतकं चांगलं लाकूड आगीत टाकवेना. तासताना दोन पाती मोडली, प्रोफेसर. पुढून चकचकीत पॉलिश, वर पितळी पट्टी: ‘मिस्टर ऑब्रे ट्विगर यांस, ज्यांनी फ्लीससाठी जिवाचं रान केलं.’ मागची बाजू तशीच ठेवलेली. काळी.

लोक टाळ्या वाजवत होते. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. बाहेर पडलं ते असं, की त्यात काय, कर्तव्यच होतं माझं.

नंतर कोटांच्या खुंट्यांपाशी मिस वेनेबल्स. ढाल माझ्या हातातून घेतली, उलटी केली, काळ्या बाजूवरून बोट फिरवलं. हळू म्हणाली, मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको. मॉरीनला सोमवारी परक्या बैठकीत पलंग लावायचा आहे. आपल्या बाजूने एक माणूस तरी उभा होता असं वाटत गेली तर जाऊ दे. मग ढाल परत दिली. म्हणाली, ओल लागू देऊ नका, उरलेलं हे एवढंच आहे.

ज्या बाईला मी तीन महिने हसलो, तिने मला दोन वाक्यांत सोडून दिलं. मला लाज वाटली. अजून वाटते आहे, पाठीवर कुणी गरम इस्त्री ठेवावी तशी.

घंटा झाली. निघताना मॉरीनने मिठी मारली. म्हणाली, स्विंडनला या हं नक्की. नातवंडांना फ्लीसची गोष्ट सांगा. तुमच्याइतकी कुणाला येणार?

येईन म्हणालो. गोष्ट आता मला पूर्ण येते. ती मॉरीनसमोर बसून सांगता यायची नाही, म्हणून स्विंडनला मी जाणार नाही.